सपाट रस्त्यावरची रेस आणि मेंढ्यांचे पार्श्वभाग

सायकल रेस बघायची तर लोक घाट शोधतात, मी यावेळी उलटं केलं, नेदरलँड्सच्या नैऋत्येला झीलंडला गेलो, जिथे सगळ्यात मोठा चढ म्हणजे समुद्राच्या बांधावर चढणारा रस्ता. बेटं, बंधारे, पाणी आणि वारा, संपलं. एक दिवसाची रेस होती, मी आपला बांधाच्या आडोशाचा रस्ता जिथे संपतो आणि उघड्यावर नव्वद अंशात वळतो तिथे जाऊन उभा राहिलो.

शेजारी एक डच आजोबा घडीची खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, घोळका इथेच फुटणार. मी विचारलं कशावरून, तर त्यांनी नुसतं कुरणाकडे बोट दाखवलं. सगळ्या मेंढ्या एकाच दिशेला पार्श्वभाग करून उभ्या! म्हणजे वारा तिकडून, म्हणजे वळल्यावर थेट डाव्या अंगावर.

आता हे आडव्या वाऱ्याचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. समोरून वारा असेल तर पुढच्याच्या मागे लपता येतं, पण डावीकडून असेल तर आडोसा मिळतो तो पुढच्याच्या मागे आणि जरा उजवीकडे, मग पुढचे रायडर तिरकी रांग धरतात, डच लोक त्याला वायर म्हणतात, म्हणजे पंखा. पण रस्त्याची रुंदी तेवढीच ना, दहा-पंधरा जण मावले की रस्ता संपला. उरलेले सगळे उजव्या कडेला एकामागे एक, आडोसा शून्य, चाक गवताला घासतंय. तिथे एकाने जरी दोन सायकलींएवढी फट सोडली की त्याच्यामागच्या सगळ्यांचा दिवस गेला. शहाणे लोक तिथे लटकत बसत नाहीत, लगेच आपली दुसरी तिरकी रांग लावतात.

म्हणून खरी मारामारी वळणाच्या आधीच, आडोशातच चालू असते. आमच्यासमोर आले तेव्हा खांद्याला खांदा, कोणीतरी जोरात ओरडलं, वळले आणि अक्षरशः अर्ध्या मिनिटात एकाचे तीन गट झाले. हल्ला, म्हणजे एकदम वेग वाढवून पुढे पळणं वगैरे, कोणी केलाच नाही, नुसतं वळले.

2015 च्या टूर द फ्रान्सचा (तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणारी रेस, सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ज्याची कमी तो जिंकतो) दुसरा टप्पा इथेच झीलंडमध्ये, नेल्त्ये यान्स बेटावर संपला होता, ओस्टरस्खेल्डे खाडीच्या नऊ किलोमीटरच्या बंधाऱ्यावर (1953 च्या पुरात 1,836 माणसं गेली, त्यानंतर बांधायला घेतला, 1986 ला सुरू झाला). पाऊस, वारा, घोळका फुटला आणि जिंकायच्या शर्यतीतला नायरो किन्ताना मागच्या गटात अडकला. त्याचा प्रतिस्पर्धी ख्रिस फ्रूम पुढे होता. फरक 1 मिनिट 28 सेकंद. आणि तीन आठवड्यांनी पॅरिसला फ्रूम किन्तानापेक्षा एकूण किती फरकाने जिंकला? 1 मिनिट 12 सेकंद! आल्प्समध्ये किन्तानाने जीव तोडून वेळ काढला होता हो, पण सुट्टे पैसे समुद्रकाठीच सांडलेले.

तर आमच्या वळणावर सगळ्यात शेवटी एकटाच एक पोरगा आला, सायकल वाऱ्यावर कललेली, तोंड उघडं, ओठांवर वाळू. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, खुर्ची मिटली आणि निघाले पण. मी म्हटलं अहो, फिनिश? त्यांनी हात हलवला. जिंकलं कोण ते मी रात्री घरी येऊन बघितलं, पहिल्या तिरक्या रांगेतलाच एक होता.