खुडीच्या वाळूत उंटावर एक रात्र, आणि नंतरचे दोन दिवस मांड्यांचे हाल

डिसेंबरात मी, बायको आणि सासूबाई (वय ६१, गुडघे बरे) असे तिघं जैसलमेरला जाऊन आलो. थेट गाडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून जोधपूरला उतरून पुढे पाच-सहा तास पॅसेंजरसारख्या गाडीत, पण त्याबद्दल नंतर कधीतरी. इथे फक्त उंटाचं लिहितोय, कारण जायच्या आधी मला कामाची माहिती कुठेच मिळाली नव्हती, सगळीकडे नुसते सूर्यास्ताचे फोटो.

पहिली चूक म्हणजे पहिल्या संध्याकाळी सगळे जातात तसं सम नावाच्या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. जैसलमेरपासून ४० किमी, रस्ता मस्त, पण तिथे वाळूपेक्षा जीप जास्त, एका उंटावर दोघं बसवायचे, अर्धा तास टेकडीवर नेऊन फोटो काढून परत. आपल्या चौपाटीवरच्या घोड्यासारखंच झालं. मग दुसऱ्या दिवशी खुडीला गेलो, ते नैऋत्येला आहे, साधारण तेवढंच लांब, गाव लहान आणि गर्दी खूप कमी. तिथून दुपारी ३ ला निघून वाळूत मुक्काम आणि सकाळी १० पर्यंत परत, असं ठरवलं. उंट प्रत्येकी वेगळा, हे आधीच बोलून घ्या, नाहीतर मागे बसणाऱ्याला धरायला काही नसतं.

आता बसण्याचं. उंट खाली बसलेला असताना चढणं सोपं असतं, गंमत तो उठताना. तो आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणजे तुम्ही थेट त्याच्या मानेवर फेकले जाता, आणि मग पुढचे, की तुम्ही मागे. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे परत पुढेच. थोडक्यात दोन्ही वेळा पहिला झटका पुढे, म्हणून दोन्ही वेळा आधी मागे रेला आणि पलाणाचा (उंटाच्या खोगिराचा) पुढचा खुंट घट्ट धरा. मला हे कळेपर्यंत वरच्या खिशातला मोबाईल वाळूत गेला होता. सासूबाई मात्र पहिल्याच झटक्यात नीट बसल्या आणि वरून "जावईबापू, पाठ ताठ ठेवा" वगैरे सूचना सुरू. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं, शेळी मी.

उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे, त्यामुळे होडीसारखं डावी-उजवी डुलत जातो. पहिली वीस मिनिटं मजा येते, मग मांड्यांच्या आतल्या बाजूला जाणवायला लागतं. आमच्या पलाणांना रिकिबी नव्हत्या, पाय नुसते लोंबकळत, आणि सगळी वाट त्यामुळेच लागते. रिकीब नसेल तर दोरीचा फास बांधून द्यायला सांगा, आम्ही सकाळी सांगितलं, लगेच बांधून दिला आणि निम्मा त्रास गेला. जीन्स अजिबात नको, तिची जाड शिवण सोलून काढते. सैल सुती पँट, आत सायकलवाल्यांची चड्डी असेल तर उत्तम. दीड-दोन तासांनी उतरून थोडं चाला. पूर्वी सांडणीस्वार खलिते घेऊन दिवसचे दिवस कसे दौडायचे देव जाणे.

चढायच्या आधी उंट बघून घ्या, नाकातल्या खुंटीपाशी किंवा पलाणाखाली जखम असेल तर दुसरा मागा. आणि थंडीत नर माजावर येतात. आमच्यातल्या एकाच्या तोंडातून मधूनच गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा आणि लालभडक फुग्यासारखं काहीतरी बाजूने बाहेर लोंबायचं, बायको किंचाळलीच. आजार नाही तो, पण अशा उंटाच्या तोंडाजवळ सेल्फीला जाऊ नका.

रात्री बाजरीची रोटी, केर-सांगरी (तिकडची वाळवंटी फळं-शेंगांची भाजी) आणि लसणाची चटणी, जेवणात खूप बारीक वाळू, ती चावायची नाही, गिळायची. उंटवाले काका शेकोटीपाशी सांगत होते की त्यांच्या वडलांकडे पुष्कळ उंट होते, आता दोनच, पोरगा जीप चालवतो. २०१४ ला उंट राजस्थानचा राज्यप्राणी झाला, पुढच्या वर्षी कायदा आला आणि राज्याबाहेर नेण्यावर बंधनं आली, त्यामुळे घ्यायला गिऱ्हाईकच येत नाही असं त्यांचं म्हणणं. देशातले उंट २०१२ च्या पशुगणनेत ४ लाख होते, २०१९ ला अडीच लाख. टिप थेट त्यांच्याच हातात द्या, बुकिंगवाल्याकडे नको.

तंबू नव्हता, वाळूवर खाट आणि दोन गोधड्या. तरी पहाटे दात वाजत होते, कानटोपी आणि मोजे न्याच. लांब पवनचक्क्यांचे लाल दिवे एकदम लागायचे, एकदम विझायचे, आणि दहा हातांवर उंट रात्रभर रवंथ करत होते, तो कराकरा आवाज ऐकत कधी झोप लागली कळलं नाही. सकाळी बूट झटकून घाला, माझ्यात काळा भुंगा निघाला.

परतीच्या गाडीत मला वरचा बर्थ आला होता. पाय वर उचलेना, शेवटी सासूबाईंनी खालचा दिला आणि स्वतः वर गेल्या.