वीकच्या चर्चवहीपासून डोंगरावरच्या वस्तीपर्यंत: नॉर्वेजियन पूर्वजांचा माग

नॉर्वेच्या पश्चिमेला सोग्नेफ्योर्ड नावाची समुद्राची चिंचोळी खाडी दोनशे किलोमीटरहून जास्त आत घुसली आहे. तिच्या दक्षिण काठावरचं वीक हे माझ्या सासूबाईंच्या माहेरचं मूळ गाव. त्यांचे खापरपणजोबा 1866 साली बायको आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन तिथून निघाले आणि विस्कॉन्सिनला स्थायिक झाले. मी पुण्याची, लग्नानंतर विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची. माझ्या मुलीच्या वंशावळीची एक बाजू कोकणात जाते आणि दुसरी या खाडीत. म्हणून सासूबाईंनी वीकला जायचं ठरवल्यावर मी आपणहून बरोबर निघाले. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत आता अशी नाती आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट: शोधाचं नव्वद टक्के काम घरी बसून होतं, तेही फुकट. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या वह्या आणि जनगणना ‘डिजिटालआर्किवेट’ या संकेतस्थळावर खुल्या ठेवल्या आहेत. प्रवासाला निघायचं ते कागदावर गाव, चर्च आणि शेतवाडीचं नाव पक्कं झाल्यावरच. नुसतं ‘आमचे लोक नॉर्वेचे’ एवढ्यावर गेलात तर डोंगर बघून परत याल.

हे नाव सापडतं मात्र अमेरिकेत. तिथल्या 1870च्या जनगणनेत जन्मस्थळ म्हणून नुसतं ‘नॉर्वे’ लिहिलेलं असतं, त्याचा उपयोग नाही. 1900च्या जनगणनेत जन्माचा महिना, साल आणि अमेरिकेत आल्याचं साल मिळतं, ते टिपून ठेवा. 1890ची जनगणना बहुतेक सगळी नष्ट झाली आहे, तिच्यामागे वेळ घालवू नका. खरा खजिना म्हणजे नॉर्वेजियन लुथरन मंडळ्यांच्या वह्या. तिथले पाद्री स्वतः नॉर्वेहून आलेले, त्यामुळे बाप्तिस्मा किंवा दफनाच्या नोंदीत ते जन्मगाव लिहीत. आम्हाला सासूबाईंच्या पणजोबांच्या, म्हणजे त्या चार वर्षांच्या मुलाच्या, दफनाच्या नोंदीत ‘वीक, सोग्न’ (सोग्न म्हणजे या खाडीभोवतीचा प्रदेश) हे दोन शब्द मिळाले आणि सगळं तिथून उलगडलं. मॅडिसनमधल्या नॉर्वेजियन अमेरिकन जेनिऑलॉजिकल सेंटर आणि नेसेथ लायब्ररीत अशा वह्यांच्या प्रतींचा मोठा संग्रह आहे. आधी लिहून वेळ ठरवा.

आता नावांचा गुंता. तो समजल्याशिवाय एक पाऊल पुढे जात नाही. लार्सचा मुलगा ओले, तर तो ओले लार्सेन. ओलेची मुलगी कारी, तर ती कारी ओल्सदात्तर, आणि लग्नानंतरही तीच. नवऱ्याचं नाव ती लावत नाही. याच्या पुढे शेतवाडीचं नाव येतं. आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागतो तसं वाटेल, पण एक मोठा फरक आहे. आपला ‘कर’ गाव सोडलं तरी टिकतो, तर इथे माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की नावही बदलायचं. एकाच माणसाचं नाव जन्माच्या, लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदीत तीन तऱ्हांनी येऊ शकतं. सगळ्यांना कायमचं आडनाव घ्यायला लावणारा कायदा थेट 1923 साली आला. म्हणून नॉर्वेतल्या वहीत स्त्रियांना सासरच्या नावाने शोधू नका, आणि पुरुषांना अमेरिकेतल्या आडनावाने शोधायचं तर ते कधी एके काळी शेतवाडीचं नाव होतं हे धरून चाला.

जनगणना आधी बघा, चर्चवही नंतर. बहुतेक जनगणना छापील अक्षरांत शोधता येतात. नावानिशी झालेल्या जनगणना 1801, 1865, 1875, 1891, 1900, 1910 आणि 1920च्या. 1885ची फक्त शहरांसाठी आहे. त्यानंतरची यादी शंभर वर्षांच्या गोपनीयतेमुळे अजून बंद आहे. 1865च्या यादीत वय लिहिताना चालू वर्ष धरलेलं असतं, त्यामुळे ते आपल्या हिशेबापेक्षा एकाने जास्त दिसतं. 1910मध्ये पूर्ण जन्मतारीख मिळते. शोधताना एकच स्पेलिंग धरू नका. अक्षर सोडून तारांकन (*) टाकलं तर निम्म्या अडचणी सुटतात.

आमच्या बाबतीत 31 डिसेंबर 1865ची जनगणना हा शोधाचा कळस ठरला. निघायच्या अगदी आधीच्या हिवाळ्यात ते तिघं त्या यादीत आहेत. आणि तिथे खापरपणजोबांच्या नावापुढे धंदा लिहिला होता: ‘हुसमान मेड योर’. हुसमान म्हणजे दुसऱ्याच्या शेतवाडीच्या कडेला झोपडी बांधून, जमिनीचा तुकडा कसून, बदल्यात मालकाकडे राबणारा कूळ. घरात आजवर समज होता की आडनावातली ती मोठी वाडी आपलीच. वाडीचं नाव अमेरिकेत आडनाव झालं, पण वाडी दुसऱ्याची होती.

हे बहुतेक घराण्यांत निघेल, आणि ते मनापासून स्वीकारावं असं मला वाटतं. 1801 साली नॉर्वेची लोकसंख्या नऊ लाखांच्या आत होती, 1865 पर्यंत ती सतरा लाखांवर गेली. जमीन तेवढीच राहिली. थोरला मुलगा वाडी घेई, बाकीचे हुसमान होत. त्यांची पुढची पिढी जहाजावर चढली. 1825च्या जुलैत स्टाव्हांगरहून ‘रेस्तावरासियोन’ नावाचं छोटं गलबत निघालं, त्यानंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली. 1865च्या त्याच यादीत गुरं आणि पेरणीचाही तपशील आहे. आमच्या माणसांकडे एक गाय, काही मेंढ्या-शेळ्या, थोडा सातू आणि बटाटे. जमीन नसलेल्या माणसाचीही गाय मोजून, नाव लिहून ठेवणाऱ्या त्या कारकुनाबद्दल मला अतोनात कृतज्ञता वाटते. सासूबाई ती ओळ बराच वेळ वाचत बसल्या. मग म्हणाल्या, वाडीवर जायचं ते ठीक, पण मला झोपडीची जागा बघायची आहे.

मग चर्चवही, म्हणजे ‘किर्केबोक’. पाद्र्याची एक आणि चर्चच्या सेवकाची दुसरी, अशा दोन प्रती असू शकतात. एकीत पान फाटलं असेल तर दुसरीत बघा. 1814च्या सुमारापासून वह्या छापील रकान्यांच्या होऊ लागल्या, त्याआधी सगळं सलग लिहिलेलं आणि तारखेच्या जागी सणवाराचं नाव. अक्षर गॉथिक वळणाचं, भाषा डॅनिश. नवख्याने 1860च्या आसपासची पानं आधी वाचावीत, डोळा बसला की मागे जावं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातापित्यांची चार-पाच नावं असतात, ती कधीही गाळू नका. ती बहुधा मामा, मावशी, आत्याच असतात, आणि त्यांच्या वाड्यांच्या नावांवरून आईचं माहेर सापडतं. आम्हाला तसंच सापडलं. शिवाय त्या काळात देवीची लस टोचल्याशिवाय धर्मदीक्षा आणि लग्न होत नसे, म्हणून लसीची तारीखही मिळते.

वहीच्या शेवटी ‘बाहेर गेलेले’ असा रकाना असतो. तिथे नावापुढे ‘अमेरिका’ दिसलं की अंगावर काटा येतो. पण ही यादी अपुरी असते. पोलिसांकडच्या स्थलांतरितांच्या याद्या ओस्लो आणि ट्रॉन्डहाइमला 1867 पासून, बर्गनला 1874 पासून आहेत. 1866ला बर्गनहून निघालेला माणूस त्यांत शोधणं व्यर्थ. त्या काळी बहुतेक जहाजं कॅनडातल्या क्वेबेकला जात, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरलेल्यांच्या याद्याही तपासत बसू नका.

प्रत्यक्ष प्रवास आम्ही ऑगस्टच्या अखेरीस केला. जुलैत निम्मा नॉर्वे सुट्टीवर असतो, ग्रंथालयं आणि कचेऱ्या कमी वेळ उघड्या असतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद. रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत. बर्गनला राज्य अभिलेखागार आहे, पण ज्या वह्यांचं स्कॅनिंग झालं आहे त्या मूळ वह्या सहसा हातात देत नाहीत. तिथे जायचं ते वारसावाटपाचे किंवा इतर असे कागद बघायला, जे घरी दिसत नाहीत. दुसरी एक सोय फक्त नॉर्वेत आल्यावर मिळते: राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची अनेक पुस्तकं देशाबाहेर उघडत नाहीत, देशात उघडतात. त्यांत ‘बिग्डेबोक’ असतात, म्हणजे एकेका खोऱ्यातल्या प्रत्येक वाडीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास. हॉटेलच्या वायफायवर आम्ही एक संपूर्ण संध्याकाळ त्यातच घालवली. मात्र बिग्डेबोकमध्ये मालकांचा इतिहास भरघोस आणि हुसमानांचा त्रोटक असतो, म्हणून चर्चवही हाताशी हवीच.

बर्गनहून वीकला वेगवान बोट जाते, साधारण साडेतीन तास. व्हॉसहून डोंगर ओलांडून रस्ताही आहे. बोटच घ्या, कारण आपली माणसंही पाण्याच्याच वाटेने बाहेर पडली.

वीकचं होप्पेरस्टाड लाकडी चर्च बाराव्या शतकातलं. 1877 साली गावात नवं चर्च होईपर्यंत इथे बाप्तिस्मे होत, पणजोबांचाही इथलाच. आज दिसतं ते रूप 1880च्या दशकात पेटर ब्लिक्स या वास्तुविशारदाने केलेल्या जीर्णोद्धारातलं आहे, त्यामुळे 1862 साली ते असंच होतं असं समजू नका. ज्यांना नॉर्वेला जाणं जमणार नाही त्यांनी मिनेसोटातल्या मूरहेडला जावं, तिथे याच चर्चची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे.

कबरी शोधायचा हट्ट मात्र सोडा. नॉर्वेत ठरावीक वर्षांनंतर घरच्यांनी शुल्क भरलं नाही तर कबरीची जागा पुन्हा वापरतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुळाची शिळा सापडणं जवळपास अशक्य.

वाडीवर जाण्याआधी पत्र लिहा. मोकळ्या रानात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, पण अंगण आणि पेरलेलं शेत त्यात येत नाही. आम्ही उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जनगणनेच्या पानाची प्रत, वाडीचा क्रमांक आणि येण्याची तारीख साध्या इंग्रजीत कळवली होती. हा क्रमांक सरकारी नकाशावर मिळतो, आणि एकाच नावाच्या चार वाड्या असल्या तरी तो चुकू देत नाही. मालकीणबाईंनी दारातच कॉफी दिली आणि सासूबाईंचा हात धरून चढावर नेलं. कुंपणापलीकडे दगडांचा चौकोनी पाया, शेजारी वेचलेल्या धोंड्यांची रास. एवढा तुकडा साफ करायला किती वर्षं लागली असतील, हे ती रास बघून कळतं. त्यांच्या घरी त्या वस्तीचं जुनं नाव अजून बोलण्यात होतं, आणि 1865च्या यादीत ते मुख्य वाडीखाली नोंदलेलं आम्ही त्यांना दाखवलं. ते असं लिहून ठेवलेलं आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून छापील प्रती दोन न्या, एक त्यांना द्यायला.

परतल्यावर सगळ्या नोंदींचे कायमस्वरूपी दुवे, वहीचं नाव आणि पान क्रमांकासह एका फाइलीत घातले. डिजिटालआर्किवेट प्रत्येक पानाला असा दुवा देतं. सासूबाईंच्या आईकडची शाखा नॉर्वेतल्याच वाल्द्रेस खोऱ्यातली आहे. तिथून आलेल्यांच्या वंशजांची ‘वाल्द्रेस सांबान्द’ ही संघटना अमेरिकेत 1899 पासून आहे, आणि जवळपास प्रत्येक खोऱ्याची अशी एक आहे. पुढचं पत्र आम्ही त्यांनाच पाठवलं आहे.