मागच्या चाकाचा कल

इंग्लंडला आल्यापासून अकरा वर्षांत मी बऱ्याच गोष्टी शिकले, पण गाडीखाली पाठीवर झोपून पाना फिरवायला शिकेन असं कधी वाटलं नव्हतं. माझ्याकडे १९७३ सालची ट्रायम्फ टीआर-सिक्स आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, पुढे अडीच लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. ही गाडी कॉव्हेंट्रीजवळ कॅनलीला तयार होत असे. १९६८ ते १९७६ या काळात नव्वद हजारांहून अधिक बनल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. कॅनलीत गाड्यांची जुळणी १९८० साली थांबली. गाड्या मात्र अजून धावतात, आणि त्यांची वेड्यासारखी काळजी घेणारी माणसं इथे गावोगाव भेटतात.

गेल्या शरद ऋतूत लक्षात आलं की मागचा उजवा टायर आतल्या कडेनं घासलाय. बाहेरची नक्षी जवळजवळ नवी, आतली कड गुळगुळीत. टायर बदलून विषय संपला असता, पण असा घासलेला टायर काहीतरी सांगत असतो. मागून वाकून पाहिलं तर दोन्ही चाकांचे माथे आत झुकलेले दिसले, उजव्याचा जास्त. या झुकावाला कॅम्बर म्हणतात. माथा आत झुकला की तो ऋण.

या गाडीत हे का होतं ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, पण तेच सगळ्यात रंजक आहे. आधीच्या टीआर गाड्यांना मागे अखंड एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. १९६५ च्या टीआर-फोर-ए पासून कंपनीनं मागची चाकं स्वतंत्र केली. प्रत्येक चाक ॲल्युमिनियमच्या एका ओतीव हातावर बसतं. हा हात चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या तुळईला दोन ब्रॅकेटांनी, दाराच्या बिजागरीसारखा जोडलेला असतो. बिजागरीची रेषा गाडीला काटकोनात नसून तिरकी आहे. म्हणून चाक वर गेलं की ते नुसतं वर जात नाही, त्याचा माथा आत झुकतो. स्प्रिंग दमली, गाडी मागून बसली, की उभ्या गाडीतही हा झुकाव कायमचा होऊन बसतो. इथे चालक उजवीकडे बसतो आणि बहुतेक वेळा एकटाच असतो, त्यामुळे उजवी बाजू आधी दमते.

पहिल्यांदा मी जवळच्या एका अलाइनमेंटवाल्याकडे गेले. त्यांनी पुढची चाकं नीट केली आणि मागची ॲडजस्ट होतच नाहीत असं सांगून गाडी परत दिली. होतात, पण पद्धत जुनी आहे. मूळ ब्रॅकेटांच्या कडेला एक, दोन किंवा तीन खाचा असतात. खाचांच्या संख्येवरून बोल्टचं भोक किती वर-खाली आहे ते कळतं, आणि ब्रॅकेट सुलटं की उलटं बसवलं यावरून दिशा ठरते. चार ब्रॅकेटांची अशी जुळणी करून कॅम्बर साधायचा. टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचं तोंड आत की बाहेर, ते ब्रॅकेट आणि चासीमधल्या पातळ पत्र्यांनी, शिमांनी ठरतं. आतल्या, म्हणजे गाडीच्या मध्याकडच्या, ब्रॅकेटमागे शिम वाढवली की तोंड आत वळतं, बाहेरच्या ब्रॅकेटमागे वाढवली की बाहेर.

आमच्या गल्लीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या हत्यारं-साचे बनवण्याच्या विभागात, आयुष्य घालवलेले एक गृहस्थ राहतात. मूळ ब्रॅकेटांच्या जागी बसणारी, बोल्ट वर-खाली सरकवता येणारी ॲडजस्टेबल ब्रॅकेटं मिळतात. ती घेण्याबद्दल त्यांना विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तू अजून काय काय मोजलंस?" मी काहीच मोजलं नव्हतं. मग एका रविवारी सपाट जागेवर गाडी उभी करून, चालकाच्या सीटवर माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून, आम्ही ओळंबा आणि कोनमापक घेऊन बसलो. उजवं चाक ३.२ अंश ऋण, डावं १.९. मला दोन्हीकडे साधारण एक अंश हवा होता.

आधी स्प्रिंगा बदलल्या, मूळ उंचीच्या. उजवं चाक २.३ वर आलं, डावं १.१ वर. म्हणजे डावीकडचा जवळजवळ सगळा दोष दमलेल्या स्प्रिंगेचा होता. तेव्हा घाईनं ब्रॅकेटं आणली असती तर दमलेल्या स्प्रिंगेवर पांघरूण घातलं असतं. ही गोष्ट मी मोठ्यानं सांगते, कारण मी ते करणारच होते.

उजवीकडचा उरलेला अंश मात्र चासीत होता. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि या गाड्यांची चासी नेमकी ब्रॅकेटं बसतात त्या भागात गंजते. माझ्या गाडीत तिथे कधीतरी नवा पत्रा वेल्ड केलेला आहे. काम पक्कं आहे, पण भोकं थोडी चुकलीयेत. खाचांच्या ब्रॅकेटांची प्रत्येक जुळणी करून पाहिली. एका जुळणीत कमी पडायचं, पुढच्या जुळणीत जास्त व्हायचं, आणि दर वेळी सगळं खोलून पुन्हा बसवायचं. अशा जागी ॲडजस्ट होणारं ब्रॅकेट खरोखर कामाचं.

साधारण तीन प्रकार पाहिले. पहिल्यात बोल्टासाठी लांब उभी फट असते. हवं तिथे सरकवा आणि आवळा. मला तो पटला नाही, कारण मग बोल्ट केवळ घर्षणावर टिकतो, आणि याच बिजागरीतून इंजिनचा रेटा नि ब्रेकचा झटका चासीत जातो. दुसऱ्यात विकेंद्री, म्हणजे भोक मध्यावर नसलेला, वॉशर असतो. तो बरा, पण पल्ला लहान. तिसऱ्यात भोक एका ठोकळ्यात असतं आणि तो ठोकळा स्क्रूनं वर-खाली होतो. बाजूचे बोल्ट आवळले की ठोकळा पकडला जातो, आणि खालून स्क्रूचा आधार राहतोच. मी हा घेतला. पल्ला किती मोठा आहे हे जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं. मी मात्र वेल्ड कसं आहे, पत्रा किती जाड आहे, ठोकळा घट्ट बसतो की खुळखुळतो हे पाहिलं.

चारही बदलायची की दोनच? मी फक्त आतली दोन बदलली. चाक दोन्ही ब्रॅकेटांच्या बाहेर असल्यामुळे ब्रेकचा आणि रेट्याचा मोठा भार बाहेरच्या ब्रॅकेटवर येतो. तिथे जुनं, अखंड ब्रॅकेटच असू दे. आतलं ब्रॅकेट खाली घेतलं की चाकाचा माथा बाहेरून आत येतो, वर घेतलं की बाहेर जातो. मला ते थोडं वर हवं होतं.

बुशांचाही, म्हणजे बिजागरीच्या बोल्टाभोवती बसणाऱ्या नळ्यांचाही, प्रश्न त्यातच येतो. एकच ब्रॅकेट वर नेलं की दोन बोल्ट एका रेषेत राहत नाहीत. रबरी बुश एवढं सहन करतो. कडक पॉलियुरेथेनचा बुश अडतो आणि हात मोकळेपणी हलत नाही. गोलाकार बेअरिंग सगळ्यात मोकळं चालतं, पण मीठ आणि कच आत गेली की ते लवकर वाजू लागतं. शर्यतीच्या गाडीला ते ठीक. मी रबर ठेवलं.

कागदपत्रांची धास्ती होती, तीही इथे लिहून ठेवते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला, तिच्यात मोठे बदल केलेले नसतील तर, एमओटी ही वार्षिक तपासणी सक्तीची नाही. सस्पेन्शनची जातच बदलली तर तो मोठा बदल धरला जाऊ शकतो. इथे जात तीच राहते, फक्त जोडणीची उंची बदलते. विमा कंपनीला मात्र मी लेखी कळवलं. आणि सूट असली तरी एमओटी दरवर्षी करून घेते, कारण गाडीखाली दुसऱ्या कुणाचे डोळे गेलेले मला हवे असतात.

बसवायला दोन शनिवार लागले. सगळे बोल्ट इंची मापाचे, त्यामुळे मिलिमीटरचे पाने निरुपयोगी. बिजागरीचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हात लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी कॅम्बर लावला, मग टो, कारण उंची बदलली की टो थोडा हलतोच. टोसाठी दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणल्या. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून दोरी टायरला टेकवायची नाही, हबच्या, म्हणजे चाकाच्या तुंब्याच्या, मध्यापासून मोजून समांतर करायची. प्रत्येक बदलानंतर गाडी पुढे-मागे ढकलायची, नाहीतर टायर जमिनीला चिकटून खोटं माप देतात. हे विसरले म्हणून माझी एक अख्खी दुपार गेली.

शेवटी उजवं १.१, डावं १.०, आणि दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत. शेजारच्या गृहस्थांनी प्रत्येक नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. मग मी गावाबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर साठ मैल फिरून आले. उजवीकडे वळताना आणि डावीकडे वळताना गाडी पहिल्यांदाच सारखी वागली. घरी येऊन इंजिन थंड व्हायचीही वाट न बघता विजेरी घेऊन खाली गेले. सगळ्या रेघा अखंड होत्या.