तुम्ही विचारलंत म्हणून: हॅट घ्यावी कशी, घालावी कधी

बेळगावच्या खडेबाजारात असो की एखाद्या मंगल कार्यालयात, कुणीतरी हमखास विचारतं, "काय ओ काका, ही हॅट कुठनं घेतलासा? मला शोभेल काय?"

शोभायचं मागाहून बघू, आधी माप घ्या. शिंप्याची टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या बोटभर वरून आणि मागच्या फुगवट्यावरून फिरवा. 57-58 सेंटिमीटर भरलं तर दुकानात सहज मिळेल. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठं घ्या आणि आतल्या पट्टीमागे कागदाची घडी सरकवा. घट्ट हॅट कपाळावर वळ उठवते आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरतं. मापाचं महत्त्व खरं तर आपल्याला कळायला हवं. इकडच्या लग्नांत टॉवेल-टोपीचा आहेर ठरलेला. सगळ्या टोप्या एकाच गठ्ठ्यातल्या. एकाच्या टाळूवर नुसती टेकते, दुसऱ्याच्या कानांवर उतरते. म्हणून तर त्या ट्रंकेत पडून राहतात.

काठ किती रुंद, हे दुकानदाराने पुढे केलेल्या हातआरशात ठरवू नका. त्यात नुसता चेहरा दिसतो, आणि हॅट तर खांद्यांच्या मानाने शोभते. चार पावलं मागे सरून मोठ्या आरशात बघा. अडीच इंचांचा काठ बहुतेकांना चालतो. उंची बेताची असेल तर त्याहून रुंदीच्या वाटेला जाऊ नये, माणूस दबल्यासारखा दिसतो. रंग करडा किंवा तपकिरी. काळी हॅट सुटाशिवाय मला तरी पटत नाही.

फेल्टची हॅट म्हणजे दाबलेली लोकर, नाहीतर सशाची लव. आपल्या बेळगावच्या पावसाशी तिचं जमत नाही. जूनला ती डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवायची आणि छत्री काढायची. तरी भिजलीच तर उन्हात किंवा चुलीजवळ नको, आक्रसते. आतली पट्टी बाहेर उलटवून सावलीत वाळवा. उचलताना वरच्या खाचेत चिमटीत धरू नका, तिथेच ती आधी चिरते. ठेवताना उताणी ठेवा, म्हणजे काठ वाकत नाही.

आता घालायची कधी? इथं दोन रिती एकमेकींच्या उलट आहेत. साहेबाच्या रितीत घरात शिरलं, कुणाला नमस्कार केला की हॅट उतरते. आपल्याकडे मानाच्या जागी डोकं झाकलेलं हवं. पूजेला बसणारा टोपी शोधतो, चिक्कोडीकडचा म्हातारा पटका बांधल्याशिवाय पाहुण्यांसमोर येत नाही. मी दोन्ही पाळतो. कार्यालयाच्या दारातच हॅट काढतो आणि आत कुणी फेटा बांधायला आलं की मान पुढे करतो. हॅट घालून अक्षता टाकणारे पाहिले की मला कसंतरीच होतं.

उघड्या डोक्याचाही मान असतो, हे बेळगावकराला वेगळं सांगायला नको. 1924 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाचे. मांडवात त्यांच्या नावाच्या टोप्या, आणि अध्यक्ष मात्र बोडके. त्यांनी स्वतः 1921 मध्येच टोपी सोडली होती.

आणि हॅट कुठनं घेतली? हल्ली ऑनलाइन मागवतो. मात्र माप घेऊनच, आणि परत करायची सोय आहे ना, ते बघून.