कंडेन्सर निर्दोष होता : पद्मिनीच्या इग्निशनची मे महिन्याची नोंद

एप्रिलच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिले होते की, गरम झाल्यावर गाडी बंद पडण्याचा रोग कंडेन्सर (इग्निशनमधला, वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग) बदलल्याने बरा झाला. ते विधान मी मागे घेतो. गेल्या रविवारी तुळजापूरच्या घाटात, चढ ऐन रंगात आलेला असताना, माझ्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या जुन्या फियाटने, दोन-तीन आचके दिले, सायलेन्सरमधून एक फटाका फोडला आणि मान टाकली. मागच्या सीटवर आई आणि सौ. होत्या. आई एवढेच म्हणाली, "देवीनं अजून बोलावलं नाही रे." बॉनेट उघडे ठेवून चाळीस मिनिटे झाडाखाली काढल्यावर तीच गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली आणि काही घडलेच नसल्यासारखी घाट चढून गेली.

जुन्या वाचकांना पूर्वपीठिका ठाऊक आहेच, तरी क्रम पुन्हा मांडतो, कारण सगळी गोम त्या क्रमातच होती. फेब्रुवारीत मी पॉइंट (ठिणगीसाठीचा प्रवाह जोडणारी-तोडणारी टोके), कंडेन्सर, रोटर (फिरत फिरत एकेका सिलिंडरकडे करंट पाठवणारा तुकडा) आणि डिस्ट्रिब्युटर कॅप (त्याच्यावरचे, प्लगच्या वायरी जोडलेले झाकण) असा पूर्ण संच एकदम बदलला. मार्चमध्ये मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून इंजिन आचके देणे, सुरू झाले. मार्चमध्येच सोलापूरचे ऊनही सुरू होते, त्यामुळे मी सगळा ठपका उन्हावर ठेवला, इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके बांधून हिंडलो, पेट्रोलच्या नळीला कापड गुंडाळले. एप्रिलमध्ये कंडेन्सर बदलला आणि नेमका त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन हवा थंड झाली. गाडी सुधारली ती पावसाने, आणि मी श्रेय दिले कंडेन्सरला.

घाटात मात्र डोके शाबूत ठेवून तपासणी केली. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत अॅक्सिलरेटरची दांडी ओढली, तर पेट्रोलची धार व्यवस्थित पडली. म्हणजे व्हेपर लॉकचा, उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा, संशय तिथेच मिटला. मग सौभाग्यवतींना सेल्फ मारायला सांगून कॉइलची (बॅटरीचे व्होल्टेज ठिणगीपुरते वाढवणाऱ्या गुंडाळीची) मधली वायर इन्सुलेशन असलेल्या पकडीने इंजिनच्या ब्लॉकपासून सहा-सात मिलिमीटर अंतरावर धरली. निळी, जाड, कडकडणारी ठिणगी पडली. नंतर तीच परीक्षा पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरवर घेतली, तर ठिणगी नाहीच. फार तर एखादी नारिंगी, मेलेली. कॉइलमधून करंट निघत होता आणि प्लगपर्यंत पोहोचण्याआधी कुठेतरी गडप होत होता. त्या मधल्या वाटेवर दोनच वस्तू आहेत, कॅप आणि रोटर. डिकीत जुनी कॅप होती, ती लावून पाहिली; फरक शून्य. रोटरकडे मात्र मी वळूनही पाहिले नाही. रोटर तर नवा होता ना!

सोमवारी रात्री घरी मल्टिमीटर घेऊन बसलो. कॉइलची प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) थंड असताना ३.२ ओहम भरली आणि तापवल्यावर ३.७. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे चाळीस अंशांच्या वाढीला हा आकडा अगदी हिशेबात बसतो. कंडेन्सर जुना आणि नवा असे दोन्ही मोजले; दोन्ही ०.२२ मायक्रोफॅरडच्या आसपास, दोन्ही ठणठणीत. एप्रिलमध्ये मी एका धडधाकट कंडेन्सरला घरी बसवून दुसऱ्या धडधाकट कंडेन्सरला कामाला लावले होते.

शेवटी अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजमधल्या वायरमन अण्णांना फोन केला. फियाटचे वायरिंग करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, नवीन काय काय टाकलंय, तेवढं आधी काढा." कॉइलच्या आकड्यांत त्यांना काडीचाही रस नव्हता.

मग रोटरची परीक्षा घेतली. ज्यांनी ती कधी केली नसेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो. कॅप बाजूला करायची, रोटर शाफ्टवर (तो ज्या दांड्यावर फिरतो त्यावर) तसाच ठेवायचा, इंजिन हाताने फिरवून पॉइंट बंद स्थितीत आणायचे आणि इग्निशन चालू करायचे. कॉइलच्या मधल्या वायरचे टोक रोटरच्या माथ्यावरील पितळी पट्टीपासून पाचेक मिलिमीटर वर धरायचे आणि लाकडी काडीने पॉइंट उघडायचे. पट्टी चहूबाजूंनी इन्सुलेटेड आहे, करंटला पुढे जायला वाट नाही, म्हणून तिच्यावर ठिणगी पडता कामा नये. पडलीच, तर त्याचा अर्थ करंट रोटरच्या पोटातून आरपार शाफ्टमध्ये उतरतो आहे. जवळपास पेट्रोलचा थेंबही नसावा, हे सांगायला नकोच.

थंड असताना काहीच झाले नाही, आणि मी जवळजवळ हार मानली होती. तेवढ्यात मुलीचा हेअर ड्रायर आठवला. पाच मिनिटे रोटर भाजला, झटपट शाफ्टवर बसवला, पॉइंट उघडले, आणि अंधारात पितळी पट्टीवर टच्च करून निळी रेघ पडली. पुन्हा उघडले, पुन्हा पडली. मी ती किमान वीस वेळा पाडून पाहिली असेल. तीन महिन्यांचा रोग हातात सापडल्याचा तो आनंद होता, आणि तो मी पुरेपूर लुटला.

दुसऱ्या दिवशी तो रोटर हॅक्सॉने उभा कापला. पितळी पट्टी धरून ठेवणारा रिव्हेट इतका खोल ठोकलेला आहे की, त्याचे टोक आणि शाफ्टचे भोक यांच्यामध्ये जेमतेम एक मिलिमीटर प्लास्टिक उरले आहे. भोकाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढे काळे छिद्र आहे आणि त्याभोवती तपकिरी कडे. घाटातच गाडी का बसायची, याचेही उत्तर इथेच आहे. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबाखाली प्लगवर ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, आणि तापून कमकुवत झालेले ते मिलिमीटरभर प्लास्टिक करंटला प्लगपेक्षा सोपी वाट वाटते. सपाट रस्त्यावर आणि आयडलिंगला गाडी म्हणूनच साधूसारखी वागत होती.

तो संच ज्या दुकानातून मागवला, त्याचे नाव लिहीत नाही. त्यालाही तो माल खोक्यात सीलबंदच आला असणार. पण छापील खोके आणि चकचकीत होलोग्राम पाहून इग्निशनचा माल घेऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. जुन्या स्टॉकमधला, धूळ खाल्लेला, पिवळ्या पुठ्ठ्यातला रोटर मिळाला तर दुप्पट पैसे मोजून घ्यावा.

सध्या गाडीत मूळचा जुना रोटर आहे. फेब्रुवारीत काढून मी तो शेंगा चटणीच्या रिकाम्या डब्यात टाकला होता, फेकला नाही हे नशीब. त्याचे टोक कानशीने घासले नाही, कारण घासल्याने कॅपमधल्या टोकांपासूनचे अंतर वाढते. फक्त फडक्याने पुसले. पॉइंटचे अंतर फिलर गेजने ०.४५ मिलिमीटरवर आणले. भर दुपारी, पारा ४२ च्या वर असताना, चार जण बसवून होटगी रोडवर पंचवीस किलोमीटर फिरलो, इंजिन बंद करून बॉनेट न उघडता दहा मिनिटे उन्हात उभी केली आणि पुन्हा सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात सुरू. आयडलिंगला बाहेरचा आरसा थरथरतही नाही.

पुढचा बेत इलेक्ट्रॉनिक इग्निशन किटचा होता, आणि पैसेही बाजूला काढले होते. पण हे लिहितानाच लक्षात आले की, किटने जातात ते पॉइंट आणि कंडेन्सर. रोटर आणि कॅप तीच राहतात. उलट जास्त जोरदार ठिणगी निकृष्ट रोटर आणखी लवकर फोडील. तेव्हा किट दिवाळीनंतर. त्याआधी भंगार बाजारातून फियाटचा एखादा मोडका डिस्ट्रिब्युटर आणून फळीवर पक्का करतो, जुनी कॉइल आणि बॅटरी जोडतो, म्हणजे नवा रोटर गाडीत टाकण्याआधी ड्रायरने भाजून तपासता येईल. फळी दुकानातच नेऊन काउंटरवर मांडावी असाही एक विचार आत्ताच आला आहे. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होईल.

जाता जाता एक. ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये करणारे वालचंद हिराचंद सोलापुरातच जन्मले, १८८२ मध्ये. म्हणजे पद्मिनी एका अर्थाने आमच्या गावची लेक, आणि तिला घाटात उभी ठेवायची म्हणजे गावातच नाचक्की.

येत्या रविवारी पहाटे नव्हे, मुद्दाम दुपारी बारा वाजता पुन्हा तुळजापूर. आई येते म्हणाली आहे. कापलेल्या रोटरचे दोन्ही तुकडे डॅशबोर्डवर ठेवले आहेत. आणखी एखादा जुना रोटर मिळेपर्यंत चटणीच्या डब्यातल्या त्या एकट्यावरच भिस्त आहे. कुणाकडे जादा पडून असेल तर कळवावे.