उन्हाळ्यात ४×५ इंची शीट फिल्म धुताना

एप्रिल-मे महिन्यात परभणी काय नि लातूर काय, गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. शीट फिल्म म्हणजे कॅमेऱ्यात एकेक करून घालायची सुटी फिल्म. तिचा घात होतो तो इथेच. डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) २४ अंशांवर आणि शेवटचं धुणं ३८ वर, असं झालं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून सुरकुततो. निगेटिव्हवर बारीक जाळी उमटते, ती काही केल्या जात नाही. धुण्याचं पाणी आदल्या रात्रीच रांजणात भरून ठेवा आणि थर्मामीटर प्रत्येक द्रावणात बुडवा, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्येसुद्धा.

डेव्हलपर २० अंशांवरच हवा, असा हट्ट नको. एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मला डी-७६ हा डेव्हलपर, तेवढंच पाणी मिसळून (एकास एक), २० अंशांवर ११ मिनिटं. २४ वर साधारण पावणेआठ. पाच मिनिटांच्या खाली मात्र उतरू नका, फोटोतलं आकाश डागाळतं.

फिल्म धुण्याची टाकी डेलाइट (एकदा बंद केली की उजेडात वापरता येणारी) असली तरी शीट भरायची मिट्ट काळोखातच. शीट उभी धरून तिच्या कडेची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागली, की इमल्शन (चित्र उमटतं ती बाजू) तुमच्याकडे. चेंजिंग बॅगेत (हात घालून फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत) हात घामेजतात. त्यापेक्षा रात्रीचं बाथरूम बरं.

फिल्मच्या पाठीवर जांभळट पट्टा दिसला, तर तिथे शीट टाकीतल्या होल्डरला चिकटून होती. ट्रेमध्ये सुटी करून पुन्हा धुवा. बोअरचं पाणी पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रावाचे) थोडे थेंब.