दूध पुरतंय की नाही, लंगोट मोजून ठरवा

घरात बाळ आलं की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "दूध पुरत नाहीये तिचं, वरचं सुरू करा." बाळ रडलं की हेच, दर तासाला प्यायला मागितलं की हेच, आणि बाळंतीण आधीच टाके, झोप नाही, छाती ठणकतेय अशा अवस्थेत असते, तिला ते खरंच वाटायला लागतं. म्हणून सगळ्यात आधी हेच लिहिते. रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नका. बाळ भुकेने रडतं तसं ओलं झालं म्हणून रडतं, उकडतंय म्हणून रडतं, नुसतं जवळ घ्या म्हणूनही रडतं. दूध पुरतंय का हे कळतं शू आणि वजनावरून.

पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोनेक, अशी वाढत जाते आणि पाचव्या दिवसापासून 24 तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हायला हवेत, शू फिकट हवी. पहिली काळी चिकट शी जाऊन चार-पाच दिवसांत पिवळी, सैलसर व्हायला लागते. डायपरमध्ये किती वेळा झाली ते कळतच नाही, म्हणून पहिले काही दिवस निदान दिवसा तरी सुती लंगोट वापरा आणि उशाशी एक वही ठेवा, त्यात नुसत्या रेघा मारायच्या, हे काम बाबांना द्या. वजन पहिल्या काही दिवसांत 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं, त्यामुळे चौथ्या दिवशी काटा खाली दिसला म्हणून डबा आणायला पळू नका, पण 10 टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात, वजन करतात, तेव्हा त्यांना "सगळं ठीक आहे" म्हणून दारातूनच परत पाठवू नका हो, बसवा आणि सगळं विचारून घ्या.

सुरुवातीचा चीक चमचाभरच दिसतो, पण त्या वेळी बाळाचं पोटही तेवढंच असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरून येतो, सीझर असेल तर कधी कधी अजून उशिरा. तोपर्यंत दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर घ्यायचं. संध्याकाळी तर काही बाळं तास दोन तास सोडतच नाहीत, ते नॉर्मल आहे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, आणि वरचं पाजलं की बाळ कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होतं, असं हे चक्र चालू होतं.

पाजताना दुखत असेल तर सहन करत बसू नका, बहुतेक वेळा पकड चुकलेली असते. बाळाने तोंड जांभईसारखं मोठं उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला छातीकडे आणा, आपण वाकून बाळाकडे जायचं नाही. नुसतं टोक तोंडात नको, भोवतीचा काळा भागही बराचसा आत हवा, हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. गाल आत ओढले जात असतील किंवा चट्चट् आवाज येत असेल तर तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून सोडवा आणि परत लावा. आणि सगळं करूनही डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलंच तर मनाला लावून न घेता द्या, फक्त डब्यावरचं माप तंतोतंत पाळा, पुरवून पुरवून पातळ करू नका. शक्यतो वाटी-चमच्याने पाजा.

आता गुटी. हा विषय नाजूक आहे कारण देणारी माणसं जीव लावून देत असतात. सहाण घेऊन वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, एकेकाचे दोन-दोन वेढे उगाळायचे, वरून मध. पण एकदा सहाण उजेडात धरून नीट बघा. खडबडीत दगडाच्या बारीक खाचांत कालचं उगाळलेलं वाळून बसलेलं असतं, नुसत्या पाण्याने धुऊन ते निघत नाही. त्यात जायफळाने गुंगी येते, बाळ "शांत झोपलं" म्हणून सगळे खूश आणि बाळाचं दोन वेळचं दूध बुडालेलं. मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचासुद्धा नाही, त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि लहान बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, विदर्भातल्या मे महिन्यातही नाही, दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. डॉक्टर रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगतात तेवढे मात्र द्या. घरातल्या मोठ्या बायकांशी यावरून भांडू नका, पुढच्या लशीच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांकडे सोबत न्या आणि त्यांच्यासमोर विचारा. मालीश, अंघोळ, बाळंतिणीचं खाणंपिणं हे त्यांच्या हाती राहू द्या, त्या हातांची खरंच गरज असते. फक्त नाकाकानात तेल नको, धुरी नको, बेंबीवर हळद नको, आणि बाळाची छाती सुजलेली दिसली तर "दूध काढायचं" म्हणून पिळू नका, आईच्या हार्मोन्समुळे आलेली सूज असते, आपोआप उतरते.

शीचं टेन्शन सगळ्यांनाच येतं. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसात आठ-दहा वेळा शी करू शकतं, आणि महिना-दीड महिन्यानंतर चार-पाच दिवस करतही नाही, शी मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल तर दोन्ही चालतं. पांढरट शी किंवा शीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. पिऊन झाल्यावर थोडं दूध ओघळणं चालतं, हिरवी उलटी किंवा प्रत्येक वेळी जोरात लांब उडणारी उलटी चालत नाही. कावीळ तळहात-तळपायांपर्यंत आली किंवा पहिल्या 24 तासांतच दिसली तर खिडकीतलं ऊन दाखवत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

सर्दीला पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब, बस. बाम नको, कापराची पुरचुंडी नको, कापूर लहान बाळाला विषारी ठरू शकतो. खोकल्याचं औषध तर मेडिकलमधून परस्पर आणूच नका. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं भेसळीच्या कफ सिरपने किडनी निकामी होऊन गेली, त्यातली बरीच नागपूरच्या दवाखान्यांत होती, आणि त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊ नका असं परत बजावलंय. श्वास मोजायला शिका: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचं, दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले, किंवा छाती खालून आत ओढली जात असेल, तर लगेच निघा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा वर ताप म्हणजे घरी औषध नाही, थेट डॉक्टर. लशीनंतर ताप येऊ शकतो, त्याचं काय करायचं ते लस घेतानाच वजन सांगून लिहून घ्या. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतं आणि 125च्या सिरपमध्ये पाच मिलीत 125, म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक, शेजारच्या बाळाचा डोस बाटली न बघता आपल्या बाळाला दिला तर काय होईल विचार करा.

रात्री डॉक्टरांना फोन कराल तेव्हा "बाळ खूप रडतंय" एवढंच सांगू नका, वही हातात घ्या आणि सांगा: वय, शेवटचं वजन, ताप किती, शेवटचं दूध कधी आणि किती वेळ प्यायलं, शेवटची शू कधी, जागं केल्यावर नीट जागं होतंय का. बाळ पीतच नसेल, उठवून उठत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटका आला तर फोनवर बोलत बसू नका, 108 ला लावा आणि निघा.